घरातील भरलेले पिस्तूल : स्प्रिंगची निगा आणि परवानाधारकाची जबाबदारी

(ग्वाल्हेर येथील खासगी बाजारातील मराठी रहिवाशांपुढे दिलेल्या भाषणाचा मजकूर)



लष्करच्या या जुन्या वस्तीत मराठीतून बोलण्याची संधी मिळाली, याबद्दल मी आपला आभारी आहे. १८१० साली दौलतराव शिंदे यांनी ग्वाल्हेरच्या किल्ल्यानजीक आपल्या फौजेचा तळ दिला आणि त्या तळाचेच पुढे शहर झाले. शहराचे ‘लष्कर’ हे नाव त्याचीच आठवण देते. ‘खासगी’ हा शब्दही मराठेशाहीच्या कारभारातला. राजघराण्याच्या स्वतःच्या खर्चाचे खाते ते खासगी. फौज आणि दरबार या दोहोंच्या सावलीत वाढलेल्या या भागातील कित्येक घरांत तलवार, ढाल, ठासणीची बंदूक या वस्तू वडिलोपार्जित म्हणून जपल्या गेल्या. काही घरांत आज त्यांच्या जोडीला परवान्याचे पिस्तूल किंवा रिव्हॉल्व्हरही आहे.

ग्वाल्हेर-चंबळ भागात शस्त्राला संरक्षणापलीकडे प्रतिष्ठेचे मोल आहे, हे आपणांस सांगावयास नकोच. २००८ साली शेजारच्या शिवपुरी जिल्ह्यात पुरुष नसबंदीस प्रोत्साहन म्हणून शस्त्र परवान्याच्या अर्जास प्राधान्य देण्याची योजना निघाली होती. ग्वाल्हेरच्या जिल्हा प्रशासनाने परवाना मागणाऱ्यास झाडे लावण्याची अट घातल्याचेही आपण पाहिले आहे. ज्या प्रदेशात परवान्याला एवढी ओढ आहे, तेथे परवाना मिळाल्यानंतरच्या निगेविषयी मात्र फारसे बोलले जात नाही. आजचा विषय त्याच निगेचा आहे, आणि तोही तिच्या एका लहानशा भागाचा : पिस्तुलाच्या मॅगझीनमधील स्प्रिंगचा.

मी कलाशाखेचा पदवीधर आहे. शस्त्रांचा कारागीर नाही. तेव्हा जे सांगावयाचे, ते शाळेतील पदार्थविज्ञानाच्या आधारे आणि सर्वांना समजेल अशा भाषेत सांगणे मला इष्ट वाटते.

एक नेहमीचा प्रश्न

परवानाधारकांच्या तोंडी एक प्रश्न नेहमी असतो. तो असा : “चोराचिलटांच्या भयाने पिस्तूल भरून ठेवावे, तर मॅगझीनमधील स्प्रिंग महिनोन् महिने दाबलेली राहते. अशाने ती मरत नाही काय? ऐन वेळी तिने दगा दिला तर?”

ही शंका वेडगळ नाही. तिच्यामागे पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव आहे. धनुर्धारी मनुष्य काम संपताच धनुष्याची दोरी उतरवून ठेवीत असे, कारण सदैव वाकवून ठेवलेले लाकूड वाकलेलेच राहू लागते आणि त्याचा जोर जातो. घरातील जुन्या भिंतीवरच्या घड्याळाची कमानही वर्षानुवर्षांनी सैल पडल्याचे आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असेल. त्यावरून ‘ताणलेली वस्तू थकते’ असा समज रूढ झाला. परंतु लाकूड आणि उत्तम प्रतीचे स्प्रिंगचे पोलाद यांत मोठा भेद आहे, आणि तो समजल्यावाचून या प्रश्नाचे उत्तर मिळत नाही.

स्प्रिंग कशाने थकते?

इंग्लंडमधील शास्त्रज्ञ रॉबर्ट हूक याने १६७८ साली स्प्रिंगसंबंधीचा नियम प्रसिद्ध केला. स्प्रिंगवर जेवढा भार घालावा, त्या प्रमाणात ती ताणली किंवा दाबली जाते, आणि भार काढताच पूर्ववत होते. मात्र या नियमाला एक सीमा आहे. त्या सीमेच्या आत स्प्रिंग आपली मूळ लांबी विसरत नाही; सीमा ओलांडली की ती कायमची वाकते. शिक्षक बंधूंना हा प्रयोग वर्गात सहज करून दाखविता येईल. एका हलक्या स्प्रिंगला क्रमाक्रमाने वजने टांगावीत आणि दर वेळी वजन काढून तिची लांबी मोजावी. काही वजनांपर्यंत ती जशीच्या तशी परत येते. त्यापुढे परत येत नाही. विद्यार्थ्यांना ती सीमा डोळ्यांनी दिसते.

चांगल्या कारखान्यात घडविलेल्या मॅगझीनची स्प्रिंग अशा बेताने केलेली असते, की मॅगझीन पूर्ण भरले तरी पोलाद या सीमेच्या आतच राहावे. म्हणून ती नुसती दाबून ठेवल्याने सहसा मरत नाही. नवी स्प्रिंग पहिल्या काही वेळा भरल्यावर किंचित आखूड होते, पण ही घट लवकरच थांबते आणि पुढे लांबी स्थिर राहते. पुष्कळ जण ही पहिली घट पाहूनच घाबरतात. तसे घाबरण्याचे कारण नाही.

स्प्रिंगला खरोखर थकविणाऱ्या गोष्टी तीन आहेत. पहिली, वारंवार दाबणे आणि सोडणे. लोखंडी तार एकदा वाकवून ठेवली तर तुटत नाही. तीच पुढेमागे वाकवीत राहिलो, तर थोड्या वेळात तुटते. स्प्रिंगचेही तसेच आहे. तिचे आयुष्य किती दिवस भरून ठेवली यापेक्षा किती वेळा भरली आणि रिकामी केली यावर अधिक अवलंबून असते. म्हणजे ‘स्प्रिंगला विश्रांती’ म्हणून जो गृहस्थ रोज रात्री मॅगझीन भरतो आणि रोज सकाळी उपसतो, तो तिला विश्रांती नव्हे, कामच देत असतो.

दुसरी गोष्ट म्हणजे सीमेपलीकडचा दाब. ज्या पिस्तुलांत थोड्या जागेत पुष्कळ काडतुसे बसविण्याचा अट्टहास केलेला असतो, त्यांची स्प्रिंग पूर्ण भरल्यावर सीमेच्या अगदी जवळ जाते. अशी स्प्रिंग दीर्घकाळ दाबून ठेवल्यास कालांतराने थोडी सैल होऊ शकते. तेथे एक काडतूस कमी भरण्याची जुनी रीत शहाणपणाची आहे. नागरिकांच्या हाती सर्वसाधारणपणे असणाऱ्या .३२ बोअरच्या, सात-आठ काडतुसांची एकेरी रांग असणाऱ्या पिस्तुलात ही अडचण सहसा येत नाही. तरीही कसलीही शंका वाटल्यास एक काडतूस कमी भरण्याने काही बिघडत नाही.

तिसरी, आणि आपल्या हवामानात सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे गंज. पोलादाच्या तारेवर गंजाचा एक बारीक खड्डा पडला, की सगळा ताण त्या जागी एकवटतो आणि तार तेथेच तडकते. घामट हात, पावसाळ्यातील दमट हवा, कातडी म्यानात बंद करून महिनोगणती ठेवलेले शस्त्र, ही गंजाची माहेरघरे होत. ग्वाल्हेरच्या उन्हाळ्यात पारा ४५ अंशांवर जातो. एवढ्या उष्णतेने स्प्रिंगचे पोलाद नरम पडत नाही. त्यासाठी शंभर अंशांच्या पुढची उष्णता लागते. परंतु त्या उन्हात तेल सुकून चिकट होते, आणि लूबरोबर आलेली बारीक धूळ त्यात बसून मॅगझीनच्या आत लुकणासारखा थर जमतो. मग स्प्रिंग चांगली असूनही काडतूस वर ढकलणारी पट्टी अडकते आणि दोष मात्र स्प्रिंगला दिला जातो.

रिव्हॉल्व्हर बाळगणाऱ्यांनी एवढेच ध्यानात ठेवावे, की त्यात मॅगझीनही नसते आणि त्याची स्प्रिंगही नसते. चक्रात काडतुसे असली तरी घोडा खाली असताना आतील मुख्य स्प्रिंग पूर्ण ताणलेली नसते. तेव्हा हा प्रश्न त्यांच्यापुरता सुटलेलाच आहे. गंजाचा प्रश्न मात्र त्यांनाही आहेच.

दुबळी स्प्रिंग ओळखावी कशी?

मॅगझीनच्या स्प्रिंगचे काम थोडक्यात असे : गोळी सुटल्यावर पिस्तुलाचा वरचा सरकता भाग मागे जातो व क्षणार्धात पुढे येतो. तेवढ्या अवधीत पुढचे काडतूस वर येऊन तयार असले पाहिजे. मॅगझीन भरलेले असताना स्प्रिंगचा जोर सर्वाधिक असतो आणि शेवटच्या काडतुसाशी सर्वांत कमी. म्हणून दुबळी स्प्रिंग प्रथम शेवटच्या एक-दोन काडतुसांशी दगा देते. काडतूस तिरपे अडकणे, त्याचे टोक खाली झुकणे, किंवा ज्या पिस्तुलात मॅगझीन संपताच वरचा भाग मागे अडकून राहण्याची सोय असते तेथे तो न अडकणे, ही तिची लक्षणे होत.

परंतु हीच लक्षणे दुसऱ्या कारणानेही उद्भवतात. मॅगझीनच्या तोंडाशी काडतूस धरून ठेवणाऱ्या पत्र्याच्या दोन ओठांसारख्या कडा असतात. मॅगझीन फरशीवर पडले, तर त्या किंचित वाकतात किंवा त्यांना चीर जाते. स्प्रिंग बदलून काडतूस अडकण्याचे थांबले नाही, तर दोष या कडांत शोधावा, आणि अशा मॅगझीनचा मोह सोडून नवे घ्यावे.

चार सणांची चार तपासण्या

निगेचे वेळापत्रक लक्षात राहावे म्हणून मी एक सोपी योजना सुचवितो. आपल्याकडे वर्षाला गुढीपाडवा, आषाढी एकादशी, खंडेनवमी आणि मकरसंक्रांत हे चार दिवस साधारणतः तीन-तीन महिन्यांच्या अंतराने येतात. या चार दिवसांच्या आगेमागे एकेक तपासणी करावी. पाडव्याची उन्हाळ्यापूर्वीची, आषाढातली पावसाळ्याच्या तोंडची, खंडेनवमीची पावसाळा सरल्यानंतरची आणि संक्रांतीची थंडीतील. वर्षातून चार वेळा उपसून भरल्याने स्प्रिंगवर पडणारा ताण नगण्य आहे. त्यातून मिळणारी खात्री मोठी आहे.

खंडेनवमीविषयी एक विशेष सूचना. मराठी घरांत त्या दिवशी शस्त्रपूजन होते आणि या शहरात शिंदे घराण्याच्या दसऱ्याच्या शमीपूजनाची परंपराही आहे. पूजा अवश्य करावी. परंतु पूजेला ठेवलेले पिस्तूल पूर्णपणे रिकामे असावे आणि काडतुसे दुसऱ्या खोलीत कुलुपात असावीत. हळदकुंकू, अक्षता आणि ओली फुले यांचा ओलावा व कण मॅगझीनच्या आत जाऊ नयेत म्हणून मॅगझीन बाजूला काढून ठेवावे, आणि पूजेनंतर शस्त्र कोरड्या फडक्याने पुसून ठेवावे.

तपासणीची रीत

आता जे सांगणार आहे, ते आजच्या भाषणातील सर्वांत महत्त्वाचे आहे. मॅगझीन काढले म्हणजे पिस्तूल रिकामे झाले, हा समज घातक आहे. मॅगझीन काढल्यावरही नळीच्या मागच्या कोठीत एक काडतूस राहू शकते, आणि ‘रिकाम्या’ पिस्तुलातून सुटलेली गोळी बहुधा याच काडतुसाची असते.

म्हणून क्रम असा ठेवावा. घरातील मुलांना व इतरांना दुसऱ्या खोलीत पाठवावे. पिस्तुलाचे तोंड जेथे गोळी लागली तरी कोणास इजा होणार नाही अशा दिशेस, शक्य तर वाळूने भरलेल्या बादलीकडे धरावे. बोट चापापासून दूर ठेवावे. प्रथम मॅगझीन काढावे. मग वरचा भाग मागे ओढून कोठी डोळ्यांनी पाहावी आणि करंगळीने चाचपावी. क्रम उलटा झाला, म्हणजे आधी वरचा भाग ओढला आणि मग मॅगझीन काढले, तर मॅगझीनमधले नवे काडतूस कोठीत जाऊन बसते आणि मनुष्य शस्त्र रिकामे झाल्याच्या भ्रमात राहतो. निघालेली सर्व काडतुसे मोजून त्या खोलीबाहेर ठेवावीत. त्यानंतरच पुसण्यास बसावे.

मॅगझीन उघडण्याची रीत निर्मात्याच्या पुस्तिकेत दिलेली असते. ती वाचल्यावाचून उघडू नये. तळाची पट्टी सरकविताना अंगठा वर ठेवावा, नाहीतर स्प्रिंग उसळून डोळ्याला लागते. स्प्रिंग कोणत्या बाजूने आणि कोणत्या तोंडाने बसली आहे हे काढण्यापूर्वी पाहून ठेवावे. ती उलटी बसविणे ही नेहमी होणारी चूक आहे. आतील धूळ कोरड्या फडक्याने काढावी. स्प्रिंगवर तेलाचे बोट फिरवून लगेच पुसून टाकावे. हाताला जाणवेल इतके तेल मॅगझीनमध्ये राहता कामा नये, कारण ते धूळ धरते आणि काडतुसाच्या टोपीत झिरपून ते निकामी करू शकते.

स्प्रिंग सैल वाटली तर ती हाताने ताणून लांब करण्याचा प्रयत्न कदापि करू नये. तशाने ती चार दिवस जोरात वाटते आणि मग पूर्वीपेक्षा अधिक दुबळी होते. तापवणे, कापणे, दुसऱ्या कोठल्या यंत्राची स्प्रिंग बसविणे हेही वर्ज्य. स्प्रिंग ही स्वस्त वस्तू आहे. अधिकृत विक्रेत्याकडून त्याच बनावटीची नवी घ्यावी. शस्त्रदुरुस्तीचे काम परवानाधारक कारागिराकडूनच करून घ्यावे. १९५९ च्या शस्त्र अधिनियमानुसार शस्त्रदुरुस्तीच्या धंद्यासही परवाना लागतो, हे पुष्कळांस ठाऊक नसते.

काडतुसांकडेही लक्ष द्यावे. तेच काडतूस पुनःपुन्हा कोठीत घालून काढल्याने त्यातील गोळी हळूहळू आत दाबली जाते आणि उडविताना दाब धोकादायक वाढू शकतो. असे काडतूस वेगळे काढावे. पिस्तूल चालते की नाही हे पाहण्यासाठी छतावर किंवा लग्नाच्या वरातीत गोळी झाडणे हा उपाय नव्हे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर उत्सवप्रसंगी बेदरकारपणे गोळीबार करून इतरांचा जीव धोक्यात घालणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कारावास, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. चाचणी करावयाची तर ती अधिकृत चांदमारीच्या जागीच करावी.

निवडणूक आणि ठाण्यातील मुक्काम

निवडणुकीची आचारसंहिता लागू झाली की परवान्याची शस्त्रे ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करण्याचे आदेश निघतात, हे २०२३ च्या विधानसभा आणि २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत आपण अनुभवले आहे. जमा करताना मॅगझीन रिकामे करावे, शस्त्र पुसून त्यावर तेलाचा पातळ हात फिरवावा, कातडी म्यानाऐवजी कोरड्या कापडात गुंडाळावे आणि पावतीवर क्रमांक नीट उतरला आहे ना हे पाहावे. परत मिळाल्यावर ते तसेच भरून कपाटात टाकू नये. प्रथम वर सांगितलेली तपासणी करावी.

परवान्याविषयीही थोडे सांगतो. २०१९ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीस बाळगता येणाऱ्या अग्निशस्त्रांची मर्यादा तीनवरून दोनवर आली आणि परवान्याची मुदत तीन वर्षांवरून पाच वर्षे झाली. परवान्याच्या अटींचा भंग केल्यास अधिनियमाच्या कलम ३० अन्वये सहा महिन्यांपर्यंत कारावास, दोन हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. परवानाधारकाचे निधन झाल्यास त्याचे पिस्तूल ‘आबांची आठवण’ म्हणून पेटीत ठेवता येत नाही. ते विनाविलंब ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावे लागते, आणि वारसाला हवे असल्यास त्याने रीतसर अर्ज करावा लागतो.

शस्त्र कोणाच्या हाती?

शेवटी मूळ प्रश्नाकडे वळतो. पिस्तूल भरून ठेवल्याने स्प्रिंग बिघडत नाही, एवढ्यावरून ते भरून ठेवावे असा अर्थ कोणी काढू नये. स्प्रिंगचा प्रश्न पोलादाचा आहे. भरून ठेवण्याचा प्रश्न घरातील माणसांचा आहे. उशीखाली ठेवलेले भरलेले पिस्तूल चोराच्या हाती लागण्यापूर्वी नातवाच्या हाती लागण्याचा संभव अधिक. घरात मूल असेल, कोणी निराशेने ग्रासलेले असेल, कोणास मद्याची सवय असेल, तर पिस्तूल रिकामे आणि कुलुपात, व काडतुसे वेगळ्या कुलुपात, हाच नियम. ज्यांना खरोखर धोका आहे आणि ज्यांनी शस्त्र हाताळण्याचे प्रशिक्षण घेतले आहे, त्यांनीही मॅगझीन भरलेले, कोठी रिकामी, आणि दोन्ही पोलादी कपाटात, असे ठेवावे. किल्ली एकाच जबाबदार माणसाजवळ असावी. शस्त्र सुरक्षित ठेवण्याची जबाबदारी परवान्याबरोबरच येते. तीत सवलत नाही.

नजरेआड झालेले शस्त्र कोठवर जाते, हे ग्वाल्हेरइतके दुसऱ्या कोणत्याही शहरास ठाऊक नसेल. ३० जानेवारी १९४८ रोजी दिल्लीत महात्मा गांधींवर ज्या इटालियन बनावटीच्या बेरेटा पिस्तुलातून गोळ्या झाडल्या गेल्या, ते अवघ्या दोन दिवसांपूर्वी याच शहरात मिळविलेले होते. हाताहातांतून फिरणाऱ्या एका बेहिशेबी शस्त्राने देशाचे केवढे नुकसान केले, हे येथे निराळे सांगण्याची गरज नाही. त्या दिवसापासून ग्वाल्हेरच्या प्रत्येक परवानाधारकावर इतरांहून थोडे अधिक उत्तरदायित्व आहे, असे मी नम्रपणे म्हणेन. आपल्या शस्त्राचा क्रमांक, आपल्या काडतुसांची संख्या आणि आपल्या कपाटाची किल्ली या तीन गोष्टींचा हिशेब ज्याला कोणत्याही क्षणी देता येतो, तोच खरा परवानाधारक.

येत्या पाडव्याला, किंवा त्याआधी येणाऱ्या सणाला, आपण सर्वांनी ही तपासणी करावी. शिक्षकांनी हूकचा प्रयोग वर्गात दाखवावा आणि त्याबरोबरच मुलांना एवढे सांगावे, की घरात किंवा शेजारी कोठे पिस्तूल दिसले तर हात न लावता मोठ्या माणसांना बोलवावे. गावोगावच्या कार्यकर्त्यांनी ही माहिती परवानाधारकांपर्यंत पोहोचवावी. स्प्रिंगची काळजी वर्षातून चार दिवसांची आहे. कुलुपाची काळजी मात्र रोजची आहे.